प्रसिद्धीच्या मागे नेमके कोण लागले आहे?

धान घरात आले की आमच्या गोंदिया जिल्ह्यात शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम लागतो आणि त्यासोबत एक नव्या जमान्याची परीकथाही गावोगाव फिरू लागते. सांगणारा बदलतो, कथा तीच. एक मुलगी असते. तिला 'फेमस' व्हायचे असते. तिच्या हाती मोबाईल येतो, ती नाचते, गाते, लाखो लोक पाहतात. मग अभ्यास सुटतो, मैत्रिणी दुरावतात आणि एके दिवशी ते लाखो लोक दुसऱ्याच मुलीकडे वळतात. बिचारी रडत रडत आईच्या कुशीत परत येते. तात्पर्य: बाळांनो, प्रसिद्धीच्या मागे धावू नका.

गोंदिया शहराला खेटून असलेल्या आमच्या फुलचूरच्या परिसरात यंदाही ही कथा ऐकली. पाहुण्यांनी ती छान रंगवली, टाळ्या पडल्या. माझी तक्रार तिच्या तात्पर्याबद्दल नाही. तक्रार तिच्या पहिल्याच वाक्याबद्दल आहे. 'मुलीला फेमस व्हायचे असते', हे वाक्य खोटे आहे, आणि ते खोटे असल्यामुळे पुढची सगळी कथा चुकीच्या माणसाला शिक्षा करते.

भाषण संपले आणि लगेच नाच सुरू झाले. दुसरी-तिसरीतल्या मुली नऊवारी नेसून रांगेत उभ्या राहिल्या. समोरच्या खुर्च्यांवर मोबाईलची भिंत उभी राहिली; मागच्यांना मंच दिसेना. कडेच्या एका पोरीचा गजरा सुटून कानाशी लोंबत होता. एका हाताने तो सावरत ती नाचत होती आणि तिची नजर होती शेजारच्या मैत्रिणीच्या पायांवर, पाऊल चुकू नये म्हणून. खालून आवाज आला, "इकडे पाय ना वं, मोबाईलकडे!" पोरीने मोबाईलकडे पाहिले आणि पाऊल चुकले. आता सांगा, ती पोर आणि तो आवाज, यांत प्रसिद्धीच्या मागे कोण होते?

मुलाला कौतुक हवे असते, यात वाद नाही. पण कौतुक आणि प्रसिद्धी यांत एक मोठा फरक आहे, आणि तो मुलांना मोठ्यांपेक्षा चांगला कळतो. मुलाला कौतुक हवे असते ते आजीचे, बाईंचे, शेजारच्या बाकावरच्या मित्राचे. म्हणजे ज्याचा चेहरा त्याला ओळखता येतो अशा माणसाचे. आठ वर्षांच्या पोराला 'दोन लाख व्ह्यूज' या आकड्याचे काही वाटत नाही. तो आकडा पाहून बापाचा चेहरा फुलतो, आणि पोराला हवा असतो तो फुललेला चेहरा. पुढच्या वेळी आकडा घसरला आणि बाप गप्प बसला, की पोराला वाटते आपलेच काही चुकले. मग ते आकड्यांच्या मागे लागते. ही भूक त्याची स्वतःची नव्हे, घरातून त्याला लागलेली आहे.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी व्यवहार तपासावा. इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःचे खाते चालवता येत नाही; पालक चालवत असतील आणि तसे खात्यावर लिहिलेले असेल, तरच ते चालते. यूट्यूबवरच्या जाहिरातींचे पैसे घ्यायला अठरा वर्षे पूर्ण झालेला माणूस लागतो. सिमकार्ड बापाच्या आधारकार्डावर, बँकेचे खाते आईच्या नावावर, पासवर्ड काकाला पाठ. दुकानदाराकडून जाहिरातीचे पैसे ठरवतो तोही काकाच. या सगळ्यात मुलाचे काय आहे? चेहरा, आवाज आणि वेळ. ज्या धंद्यात भांडवल मुलाचे आणि मालकी मोठ्यांची, तो धंदा मुलाच्या हव्यासातून उभा राहिला असे म्हणणे हा सरळसरळ कांगावा आहे.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेऊ. ते टाकाऊ नाहीत, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा असा: "मुले काय आज नाचायला-गायला लागली? पूर्वीही होतीच की." होती. आमचा तर सगळा मुलूखच नाटकवेडा. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते; दिवसा दंडार हे लोकनाट्य आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. तिथून कंपन्या निघतात आणि होळीपर्यंत गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावांत पहाटेपर्यंत प्रयोग चालतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीला आपलाच सत्कार झाल्यासारखे वाटले. या नाटकांत लहान मुलेही उभी राहतात, आणि त्यावर माझा काडीचा आक्षेप नाही.

कारण तिथे प्रयोग संपतो. राजा हरिश्चंद्राचा रोहिदास झालेले पोट्टे पहाटे तोंड धुते आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा अमक्याचा मधला मुलगा होऊन बैल पाजायला जाते. चार दिवस गावात त्याला लोक चिडवतात, मग विसरतात. हे विसरणे ही गावाने मुलावर केलेली मोठी मेहेरबानी असते. मोबाईलच्या बाजारात विसरणे नाही. आमच्याच भागातल्या एका पोराचे उदाहरण देतो. आजोबांना खास झाडीच्या ठसक्यात दटावतानाचा त्याचा व्हिडिओ घरच्यांनी टाकला आणि तो पार पुण्या-मुंबईपर्यंत हिंडला. त्याला आता दोन वर्षे होऊन गेली असतील. पोराचा आवाज फुटायला आला, उंची वाढली, पण रस्त्यात भेटेल तो म्हणतो, "ते म्हणून दाखव ना बे." लग्नाच्या पंगतीत म्हणतात, किराणा दुकानात म्हणतात, शाळेत गुरुजीही म्हणतात. ते पोट्टे आता पाहुण्यांत येतच नाही. त्याच्या बोलीला हसणाऱ्यांना वाटते आपण त्याला मोठे केले. खरे म्हणजे त्याला एका वाक्याएवढे लहान करून ठेवले आहे.

'पूर्वीही होते' म्हणणारे हमखास कुमार गंधर्वांचे नाव घेतात. घ्यावे, पण पूर्ण घ्यावे. 1924 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवी. 'कुमार गंधर्व' हे बिरुद त्याला बालपणीच मिळाले. वडील त्याला घेऊन गावोगाव फिरले, जलसे झाले, नाव झाले. 1930 च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला आणि जाणकार अवाक झाले. आजचा एखादा पालक तिथेच थांबला असता आणि त्याने पुढच्या कार्यक्रमांच्या तारखा वाटायला घेतल्या असत्या. पण शिवपुत्र प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत शिकायला बसला आणि कितीतरी वर्षे तिथे राहिला. हुबेहूब नक्कल करणारा चमत्कारी मुलगा मागे पडला आणि स्वतःचे गाणे शोधणारा गवई घडला, तो त्या वर्षांत. ज्या कुमार गंधर्वांना आपण ओळखतो, ते बालपणीच्या प्रसिद्धीने घडवलेले नाहीत. ती प्रसिद्धी वेळेवर बाजूला ठेवता आली, म्हणून ते घडले.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे. "तुम्हाला नोकरी आहे, पेन्शन आहे, म्हणून तुम्हाला हे सुचते. गरिबाच्या लेकराला दुसरी शिडी कोणती?" या प्रश्नापुढे उपदेशक गडबडतात आणि 'शिक्षण' असे काहीतरी पुटपुटतात. मी तसे करणार नाही. शिडी आहे, हे मला मान्य आहे. करमाळा तालुक्यातल्या केम गावात हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे दिग्दर्शक नागराज मंजुळेंना दिसला, त्यांच्या 'फँड्री' चित्रपटात जब्या झाला आणि त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अकलूजच्या रिंकू राजगुरूला 'सैराट' प्रदर्शित होण्याआधीच राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला होता. 29 एप्रिल 2016 ला चित्रपट आला आणि तिला घराबाहेर पडणे मुश्कील झाले. या मुलांनी मराठी पडद्यावर ज्या माणसांना जागा मिळवून दिली, त्याचे मोल मी कमी लेखणार नाही.

पण त्या परीकथेच्या आतले पानही वाचा. रिंकूने 2017 मध्ये दहावीची परीक्षा दिली ती बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून, सतरा नंबरचा फॉर्म भरून. कारण गर्दीमुळे रोज शाळेच्या बाकावर बसणे तिला शक्य राहिले नव्हते. देशभर गाजलेल्या मुलीच्या हातून गेली ती नेमकी साधी गोष्ट: वर्गात इतरांसारखे बसणे. आणि तिच्या मागे पटकथा होती, दिग्दर्शक होता, करार होता, कसून केलेली तयारी होती. घराच्या गच्चीवर रोज एक व्हिडिओ काढणाऱ्या पोराच्या मागे यातले काय असते?

'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'चा दाखलाही नेहमी दिला जातो. 2008-09 च्या त्या पर्वाने महाराष्ट्राला वेड लावले होते. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत, ही पाच नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत, आणि 2021 च्या पर्वात हेच पाच जण परीक्षकांच्या खुर्चीत बसले. "बघा, झाले ना भले?" झाले, आणि आनंदच आहे. पण विजेती कार्तिकी आळंदीची, वडील कल्याणजी गायकवाड स्वतः संगीतकार. आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका. ही मुले गाणे शिकत होती म्हणून टीव्हीच्या पडद्यावर आली. पडद्यावर आली म्हणून गायला लागली नाहीत. आज सांगितली जाणारी कथा नेमकी उलटी आहे: आधी पडदा, मग जमले तर गाणे. आणि त्या पर्वात पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाद झालेल्या मुलांची नावे आठवतात का? यशाचे दाखले देताना आपण फक्त वर पोचलेल्यांची गणती करतो. अर्ध्यावरून घसरलेल्यांना गणतीत धरत नाही, कारण ते दिसतच नाहीत.

गरिबीच्या युक्तिवादात एक आतली गोमही आहे. आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरचे पोर बांधीत उतरले आणि शाळेत आले नाही, तर गुरुजी घरी येतात. त्याला बालमजुरी म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. त्याच पोराला मेकअप फासून, एकच संवाद पुन:पुन्हा म्हणायला लावून रात्री उशिरापर्यंत मोबाईलसमोर उभे केले, तर त्याला 'नशीब उघडले' म्हणतात. का? चिखल नाही म्हणून? विचारले तर सांगतात, "हौस आहे लेकराची." आणि बंद करा म्हटले तर सांगतात, "यावर घर चालते." दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. हौस असेल तर लेकराला कंटाळा आल्यावर ती थांबली पाहिजे. घर चालत असेल तर ते काम आहे, आणि कामाला नियम लागतात.

इथे तिसरा मुद्दा येतो: "आमचे लेकरू, आमचा निर्णय. यात सरकार कशाला?" म्हणणे समजण्यासारखे आहे, पण हा वाद जगाने कधीच निकाली काढला आहे. 1921 मध्ये चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मधून जॅकी कूगन हा पोरगा अवघ्या जगाचा लाडका झाला. मोठा झाल्यावर त्याने आपली कमाई मागितली, तेव्हा आई आणि सावत्र वडिलांनी ती बहुतेक उडवलेली होती. 1938 मध्ये तो कोर्टात गेला. हाती फारसे लागले नाही, पण त्याच्या प्रकरणामुळे 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला. फ्रान्सने 2020 मध्ये सोळा वर्षांखालच्या व्हिडिओ-कलाकारांसाठी कायदा केला: कमाईचा हिस्सा मुलासाठी राखून ठेवायचा, आणि मुलाने स्वतः मागणी केली तर त्याचे व्हिडिओ काढून टाकायचे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 1 जुलै 2024 पासून पालकांच्या चॅनेलवर झळकणाऱ्या मुलांचा वाटा बाजूला ठेवणे बंधनकारक आहे. या सगळ्यांच्या मुळाशी एकच अनुभव आहे. मुलाच्या कमाईपासून मुलाला वाचवायला घरातलेच माणूस नेहमी पुरेसे पडत नाही.

आपल्याकडेही कायदा नाही असे नाही. 2016 मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी, पण चित्रपट, मालिका, जाहिराती यांतल्या बालकलाकारांना अटींसह सूट. 2017 च्या नियमांत त्या अटी आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, ओळीने सत्तावीस दिवसांहून जास्त नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. कमाईतले किमान 20 टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. आणि शेवटची अट सगळ्यात मोलाची: मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला कशातही उतरवायचे नाही.

म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत एखादे मूल बिस्किटाच्या जाहिरातीत उभे राहिले तर एवढे कुंपण आहे. तेच मूल गोंदियात घरच्या अंगणात, घरच्याच मोबाईलसमोर, एखाद्या दुकानाच्या जाहिरातीसाठी नाचले तर निर्माता कोण? बाप. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने जून 2022 मध्ये काढलेल्या मसुद्यात अशा घरच्या व्हिडिओंना 'कौटुंबिक उद्योग' धरले होते. हरकत नाही, तसेच धरा. मग कौटुंबिक उद्योगाचे नियमही वाचा: शाळेच्या वेळेत मुलाने हातभार लावायचा नाही, आणि संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंतही नाही. आता किती अंगणांतले दिवे सातला विझतील? 2023 चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदाही मुलांसाठी पालकांची संमती मागतो. चांगलेच आहे. पण जिथे व्हिडिओ काढणारा, पोस्ट करणारा आणि पैसे घेणारा पालकच आहे, तिथे त्याची संमती म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

यावर कोणी म्हणेल की मी सगळ्याच आईबापांना चोर ठरवतो आहे. नाही. बहुतेक घरांत प्रेमच असते. कर्जाचा हप्ता असतो, बहिणीचे लग्न असते, आणि पोराने एकदा तरी आपले नाव काढावे ही साधी आस असते. म्हणूनच नियम हवेत. वाईट माणसाला नियम अडवतातच असे नाही. पण प्रेमळ माणूस मोहात पडला तर नियम त्याला दारात थांबवतात, आणि मुलाला 'नाही' म्हणायला एक टेकू देतात. नऊ वर्षांचे लेकरू बापाला 'मला नाही करायचे' म्हणू शकत नाही, म्हटले तरी ते हट्ट ठरते.

आता पुन्हा उपदेशकांकडे. माझा राग आईबापांपेक्षा त्यांच्यावर जास्त आहे, कारण त्यांचे काहीच पणाला लागलेले नसते. मुलांना 'प्रसिद्धीच्या मागे धावू नका' सांगायला ना पैसा लागतो, ना धाडस. धाडस लागते समोर बसलेल्या पालकांना सांगायला की मोबाईल खाली ठेवा. शाळेने आपल्या प्रवेशाच्या जाहिरातीत कोणाच्या मुलीचा नाच वापरला आणि तिला विचारले होते का, हे विचारायला धाडस लागते. निवडणुकीत गर्दी खेचायला गाजलेल्या पोराला मंचावर चढवणाऱ्या पुढाऱ्याला अडवायला तर फारच लागते. ते कोणी करत नाही. मग उरतो एकटा मुलगा, आणि सगळा दोष त्याच्या लालसेवर टाकून मोकळे होता येते. प्रसिद्धी आली तर नशीब घरच्यांचे. गेली तर चूक मुलाची. असा हिशोब कोणत्याही दुकानात चालला नसता.

काय करावे, हेही सांगतो, नाहीतर मीही उपदेशकांच्याच रांगेत बसेन. प्रत्येक ग्रामपंचायतीत ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे प्रमुख असतात, अंगणवाडी सेविका तिचे काम पाहतात. बालविवाह, बालमजुरी यांवर नजर ठेवणे हे तिचे काम. तिने मोबाईलसमोरच्या कामालाही आपल्या कक्षेत घ्यावे. पोलीस बोलवायला नको. घरी जाऊन, चहा पिऊन, तीन प्रश्न विचारले तरी पुरे. मुलाच्या नावे बँकेत खाते आहे का आणि त्यात त्याच्या कमाईतले किती जमा झाले? त्याने 'काढून टाका' म्हटल्यावर एखादा व्हिडिओ कधी काढून टाकला आहे का? आणि पुढचे पंधरा दिवस काहीच टाकले नाही, तर घरात त्याच्याशी कोणी वेगळे वागेल का? शाळांनी एवढे तरी करावे की संमेलनाचे चित्रीकरण एकाच माणसाकडे द्यावे, आणि नाचणाऱ्या मुलांना समोर माणसांचे चेहरे दिसू द्यावेत.

ज्या घरात या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळतील, तिथल्या मुलाने खुशाल नाचावे, गावे, जग जिंकावे. पहिली टाळी मी वाजवीन. ज्या घरात उत्तरे मिळणार नाहीत, तिथे मुलाच्या हव्यासाची कथा सांगणे बंद करा. तिथे मजुरी चालू आहे. मजुरांना आपण तात्पर्य सांगत नाही. त्यांचे तास मोजतो, दाम देतो आणि सुट्टी देतो. मुलांना याहून कमी कशासाठी?